कादंबरीतली असई मालिकेत शोधताय? या चुका टाळा

रिचर्ड शार्प या काल्पनिक इंग्रज सैनिकावरच्या बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या कादंबऱ्यांपैकी तीन आपल्याकडच्या लढायांवर आहेत: १७९९चं श्रीरंगपट्टण, १८०३ची असई आणि त्याच वर्षीचा गाविलगड. त्या वाचून शार्पवरच्या टीव्ही मालिकेतली २००६ची ‘शार्प्स चॅलेंज’ लावली की वाचक बुचकळ्यात पडतो. साल १८१७, किल्ला काल्पनिक, चित्रीकरण राजस्थानात. असई कुठेच नाही.

‘यांना इतिहास ठाऊकच नव्हता’ असं म्हणून टीव्ही बंद करणं ही पहिली चूक. अडचण वयाची होती. कादंबऱ्यांत भारतातला शार्प विशीतला, साध्या शिपायापासून वर चढत जाणारा तरुण आहे. मालिकेत शार्प झालेल्या शॉन बीननं मात्र १९९७च्या भागातच १८१५ची वॉटर्लूची लढाई गाजवली होती आणि २००६मध्ये तो पंचेचाळिशी ओलांडलेला होता. त्यामुळे कथा वॉटर्लूनंतर ढकलावी लागली. हेक्सविल हा कादंबरीतला दुष्ट सार्जंट तर मालिकेच्या आधीच्या एका भागात मेलेला, म्हणून त्याच्या जागी बिकरस्टाफ नावाचा नवा सार्जंट आला.

कादंबरीतला शार्प काळ्या केसांचा, बीन सोनेरी केसांचा. त्यावर वाद घालत बसू नका, हातून निसटलंय ते वेगळंच आहे.

२३ सप्टेंबर १८०३. असईजवळच्या कैलना नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा, नाही, असं वाटाडे सांगत होते. पण इंग्रज सेनापती वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली. इतकी जवळची गावं उताराशिवाय वसणार नाहीत, हे त्यानं ताडलं आणि फौज तिथूनच पार नेली. पलीकडे पोलमन या युरोपीय सेनापतीच्या हाताखाली शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीनं शिकवलेल्या पलटणी, होते. त्यांनी आपली फळी फिरवून इंग्रजांना तोंड दिलं आणि त्यांच्या तोफांनी इंग्रजांची जबर हानी केली. मेलेले आणि जखमी मिळून साधारण १,६०० माणसं. कादंबरी हे सगळं इंग्रजांच्या नजरेतून सांगते, पण त्या गोलंदाजांचं कसब लपवत नाही. मालिकेत त्यांच्या जागी एक पोरसवदा राजा आणि कारस्थानी राजवाडा उरतो. माझ्या मते या रूपांतरातला सर्वांत मोठा तोटा हाच, आणि मराठी वाचकाला तो सलायलाच हवा.

याच्या उलट चूकही सर्रास होते: कादंबरीलाच बखर मानणं. असईत वेलस्लीचा ‘डायोमेड’ हा घोडा जखमी झाला, हे खरं. शार्पनं तेव्हा वेलस्लीला वाचवलं, ही कल्पना. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून पळालेला डॉड हा माणूस खरा, पण त्याच्या पुढच्या करामती लेखकाच्या. खरं काय, रचलेलं काय, हे कॉर्नवेल शेवटच्या ऐतिहासिक टिपणात बऱ्यापैकी सांगतात. ते वगळू नका.

मालिका आधीच पाहून झाली असेल तर असईवरच्या ‘शार्प्स ट्रायम्फ’ या कादंबरीपासून सुरुवात करा आणि सोबत जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याचा नकाशा ठेवा. कैलना आणि जुई यांच्या बेचक्यात असई लगेच सापडेल.