लेकरांना घेऊन तळ्यावर गळ टाकायला जाताना

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर एका जानेवारीतल्या सकाळी माझा सहा वर्षांचा भाचा माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. पायाखालची जमीन वाळलेली, भेगाळलेली, आपल्याकडच्या कुठल्याही काळ्या रानात दिसते तशी. गळाच्या दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तरंगा जवळून बघायला म्हणून त्यानं अजून दोन पावलं टाकली आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. वरचा चार बोटांचा थर तेवढा वाळलेला होता, खाली नुसता मऊ गाळ. पाणी तर अजून हातभर लांब होतं. मी त्याला काखेत धरून ओढलं. एक चप्पल गाळातच राहिली.

त्यानंतर मी मुलांना न्यायचं बंद केलं नाही. पाण्याकाठी शांत बसणं, तरंग्यावर नजर ठेवणं, मासा लागल्यावर काठीतून हातात येणारा तो धक्का, हे मुलांना दुसरीकडे कुठं मिळणार? पण माझी पद्धत बदलली. त्यातली पहिली गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: मुलं सोबत असतील तेव्हा मोठ्यानं स्वतः गळ टाकायचा नाही. तरंग्याकडे बघणारी नजर मुलाकडे राहत नाही. मासे धरायचे असतील तर आपण एकट्यानं वेगळ्या दिवशी जावं.

केव्हा जायचं

दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचा काळ आपल्या भागात सगळ्यात बरा. ऊन सोसण्यासारखं असतं, पाणी निवळलेलं असतं, विजांचं भय जवळजवळ नसतं. पावसाळ्यात मुलांना नेऊ नका. काठ निसरडे असतात, पाणी वाढत असतं, आणि रोहू, कटला, मृगळ हे मासे याच दिवसांत अंडी घालतात, त्यांनाही मोकळं सोडलेलं बरं. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो. जायचंच असेल तर उजाडताना जाऊन नऊच्या आत घरी. याच दिवसांत दुपारनंतर वळवाचं आभाळ भरून येतं. मेघगर्जना कानावर पडली की वीज आपल्यापर्यंत पोचण्याइतकी जवळ आहे असं समजायचं. काठी खाली टाकायची, झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या, जवळपास वीज पडत असेल तर ते कळवतं.

किती वेळ बसायचं? पाच-सहा वर्षांच्या मुलाला तास-सव्वा तास पुष्कळ झाला. कंटाळलेलं मूल पाण्यात दगड मारायला लागतं, मग पाण्याच्या जवळ सरकतं. त्याच्या आधीच उठायचं. पाच वर्षांखालच्या लेकराच्या हातात काठी देऊ नये असं माझं मत आहे. ते मांडीवर बसून बघेल, तेवढं त्याला खूप.

जागा आदल्या दिवशी एकट्यानं बघून यायची

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. मुलांना घेऊन गेल्यावर जागा शोधत फिरायचं नाही. आदल्या दिवशी एकट्यानं जायचं, हातात जाड काठी घेऊन.

गाळापासून सुरुवात करा. आपल्या तलावांचं आणि उजनी धरणाचं पाणी हिवाळ्यापासून आटत जातं. पाणी मागं सरकतं आणि मागं उघडा गाळ ठेवून जातं. तो वरून वाळतो, त्याला भेगा पडतात, त्यावर गवतही उगवतं. डोळ्यांना ती जमीन वाटते. बसायच्या जागेपासून पाण्यापर्यंत दर पावलाला काठी जोर लावून रोवून बघा. वीतभर आत गेली तर ती जागा मुलांची नाही. आठवड्यापूर्वी चांगली असलेली जागासुद्धा पुन्हा तपासायची, कारण पाण्याची कड रोज सरकते. खडक किंवा मुरूम असलेला, हळूहळू उतरत जाणारा काठ मिळाला तर तोच धरून ठेवा.

मग पाण्याखाली काय आहे ते विचारा. कोणाला? तिथल्या मासेमारी करणाऱ्यांना आणि काठच्या शेतकऱ्यांना. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत किती तरी तलावांतला गाळ मशीननं काढून रानात टाकला गेला. रानांचं भलं झालं. पण जिथून गाळ उचलला तिथं उभ्या कडांचे खड्डे राहतात आणि तलाव भरला की ते दिसत नाहीत. दोन पावलं घोट्याएवढं पाणी, तिसऱ्या पावलाला पुरुषभर. ‘कुठून गाळ काढला?’ हा एक प्रश्न विचारायला लाजू नका. त्याच वेळी गळ टाकायची परवानगीही विचारून घ्या. बहुतेक तलावांवर मासेमारीचा हक्क मच्छीमार संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. मुलं सोबत आहेत म्हटल्यावर माणसं सहसा आडवं येत नाहीत, उलट चांगली जागा दाखवतात.

काठावरच्या मोटारी बघा. उजनीच्या कडेनं पाणी उपसायला मोटारी बसवलेल्या असतात, त्यांच्या केबल जमिनीवरून, कधी चिखलातून, कधी पाण्यातून गेलेल्या असतात. जोड उघडा पडला तर ओल्या मातीतून शॉक बसतो. मोटार किंवा केबल दिसली की ती जागा सोडून द्यायची. वर विजेची तार असेल तरीही. काठी ओली असते आणि मुलं ती उभी धरून पळतात.

पूल आणि धरणाच्या भिंतीखाली आग्या मोहोळ असतं. वर बघून घ्या, आणि जवळपास चूल किंवा शेकोटी पेटवू नका.

काही जागा मात्र कायमच्या वर्ज्य. भीमेच्या पात्रात, उजनीच्या खाली, मुलांना घेऊन बसू नये. धरणातून कधी शेतीसाठी, कधी सोलापूरला प्यायला पाणी सोडतात, आणि कोरड्या दिसणाऱ्या पात्रात पाणी चढतं. कालव्याचा काठ नको, कारण सिमेंटच्या उतारावरून वर येता येत नाही. आणि शेततळं तर कधीही नको. प्लास्टिक कागद अंथरलेल्या तळ्याचा उतार शेवाळानं इतका निसरडा होतो की पोहता येणारा मोठा माणूसही धरायला काही नसल्यानं वर येऊ शकत नाही. आपल्या नात्यातल्यांचं असो, कुंपण असो, मुलांना तिथं गळ टाकायला नेऊ नका. सोलापुरातल्या सिद्धेश्वर मंदिराच्या तलावातले मासे भाविकांचे, तिथं हा विषयच नाही.

सामान

मुलासाठी रीळवाली महागडी काठी घेऊ नका. मागं नेऊन जोरात भिरकावताना गळ कुणाच्या कानात, कुणाच्या डोळ्यात जातो. कळकाची हलकी काठी, मुलाच्या उंचीच्या दीडपट. तिच्या टोकाला काठीएवढाच लांब तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. काठी उभी केली की गळ मुलाच्या हाताशी येतो, भिरकवावं लागत नाही, नुसता सोडायचा. त्याला एक तरंगा, एक लहानसं शिसं, आणि एकच बारीक गळ.

गळाला आतल्या बाजूला जो उलटा काटा असतो तो घरीच पकडीनं दाबून सपाट करा. चिलापी मासळी तरीही लागते, थोडी सुटते इतकंच. पण तोच गळ बोटात गेला तर आल्या वाटेनं बाहेर येतो. सगळ्या तयारीत हे काम दोन मिनिटांचं आहे, आणि टाळाटाळ सगळ्यात जास्त याचीच होते.

आमिषाला गांडूळ किंवा कणकेत शेंगपेंड मळून केलेल्या गोळ्या. गोळ्या मुलांनाच मळू द्या, त्यात त्यांचा अर्धा आनंद असतो. गळाला आमिष मात्र मोठ्यानं लावायचं.

लाइफ जॅकेट हवंच, काठावर बसणार असलो तरी. ते मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यायचं, आणि दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. घालून झाल्यावर खांद्यांना धरून मुलाला हलकेच उचला. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. फुगवायच्या बाह्या, ट्यूब, रिकाम्या बाटल्या बांधणं यातलं काही जॅकेटची जागा घेत नाही.

याशिवाय वीस हात मजबूत दोरी आणि तिच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, त्यात तांब्याभर पाणी. पाण्यामुळे कॅन नेमका फेकता येतो आणि हवेमुळे तरंगतो. घरासमोर दहा वेळा फेकून बघा. बाकी टोपी, बूट (चप्पल नको), पूर्ण बाह्यांचा भडक रंगाचा सदरा, कपड्यांचा एक कोरडा जोड, टॉवेल, पट्टी आणि जंतुनाशक, साबण, प्यायचं पाणी. जानेवारीत भिजलेलं मूल वाऱ्यात लगेच कुडकुडायला लागतं, म्हणून कोरडे कपडे विसरू नका. आणि कडक भाकरी, शेंगाची चटणी. खायच्या आधी घरून आणलेल्या पाण्यानं साबण लावून हात धुवायचे. पाणी हिरवंगार, साय धरल्यासारखं दिसत असेल तर त्यात हातही घालू देऊ नका.

काठावर

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे रेघ. पाण्यापासून मोठ्या माणसाच्या तीन पावलांवर जमिनीवर चुन्यानं किंवा दगड मांडून रेघ काढायची. तीन पावलं मागं बसून आपली काठी पाण्यात पोचत नाही असं मुलं म्हणतील, आणि ते खरं आहे. म्हणून गळ टाकताना मूल रेघेपुढे येतं, पण आपला हात धरून किंवा जॅकेटचा मागचा पट्टा आपल्या मुठीत असताना. हात सुटला की रेघेमागं. हा नियम एकदाच, हसत सांगायचा, आणि पहिल्यांदा मोडला की सामान आवरायचं. मी एकदा दहा मिनिटांत सगळ्यांना परत आणलं होतं. रडारड झाली, पण नंतर रेघ कुणी ओलांडली नाही.

एका मुलामागं एक मोठा. तीन भावंडं आणि एक काका असा हिशेब पाण्याकाठी चालत नाही. फोन खिशात, तोही घंटी चालू ठेवून. बुडणारं लेकरू सिनेमातल्यासारखं हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येतं-जातं, त्याला ओरडायला श्वासच नसतो. पाठमोऱ्या माणसाला काही ऐकू येत नाही. दोन मोठे असतील तर ‘आता तू बघ’ असं तोंडानं बोलून पाळी बदलायची. सगळे आहेत म्हणजे कुणीतरी बघतच असेल, या समजुतीतच घोळ होतो.

दगडांच्या फटीत आणि बांधाच्या गवतात हात घालू देऊ नका, आधी काठी आपटा. पाण्यात वळवळत जाणारी दिवड बिनविषारी, पण काठच्या गवतात घोणस असू शकते. चावा कुठल्याही सापाचा असो, कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. मुलाला हलू न देता थेट दवाखान्यात.

मासा लागला की मुलाला ओढू द्या, पण गळातून मोठ्यानं सोडवायचा. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात, शिंगटा माशाच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा तर भयंकर ठणकतो. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका उतरतो. आधी स्वतःच्या हातानं पाण्याचा चटका बघा. लहान मासा परत सोडायचा असेल तर ओल्या हातानं धरा. सोडायचं काम मुलाकडे द्या, ते त्याच्या फार लक्षात राहतं.

होडीबद्दल एवढंच. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं होती. वारा सुटायला तिथं काही मिनिटं पुरतात. लेकरांना होडीतून गळ टाकायला नेऊ नका.

काही झालंच तर

मूल पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. आधी आडवं झोपून काठी पुढे करा, पोचत नसेल तर दोरीचा कॅन फेका, दोरी नसेल तर साडी, ओढणी, टॉवेल बांधून. एकाला वाचवायला दुसरा, त्याला वाचवायला तिसरा, असं करत एकाच घरातली माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आपण. जोरात ओरडून माणसं गोळा करा.

बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका. गावाकडे हे अजून करतात आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. पाठीवर सपाट झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं दोन श्वास द्या, छाती वर येते का बघा. मग छातीच्या मधोमध ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्यानं तोवर १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा. मूल शुद्धीवर आलं, हसलं-बोललं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. हे सगळं वाचून येत नाही. प्रथमोपचाराचा वर्ग कुठं भरत असेल तर घरातल्या एकानं तरी करून घ्या.

गळ डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गेला तर हात लावायचा नाही. तंगूस कापायचा, दाबणार नाही असं वरून झाकायचं, दवाखाना गाठायचा. बोटातला सपाट काट्याचा गळ काढून, धुऊन, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं.

निघताना तंगुसाचा वीतभर तुकडासुद्धा मागं ठेवू नका, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. आणलेले गळ डबीत घालताना मोठ्या आवाजात मोजायचे. आमच्याकडे आता हे काम भाच्याकडे आहे. चार आणले असतील आणि तीनच भरले, तर चौथा सापडेपर्यंत कुणी बूट काढत नाही.