किऑसवरचं मेस्ता बघायचं तर आधी बाहेरून

मेस्ताला येणारे बरेच जण गाडी लावतात, सरळ चौकात जातात आणि कॉफी मागवतात. तुम्ही आधी गावाला बाहेरून एक प्रदक्षिणा घाला. गाव एवढंसं आहे, पाय दुखणार नाहीत. माझा जन्म बांधकामाच्या साइटवर गेला, त्यामुळे कुठेही गेलो की माझी नजर पहिली भिंतीवर जाते. इथे तर भिंतच निम्मा इतिहास सांगते.

किऑस हे ग्रीसचं बेट असलं तरी तुर्कस्तानच्या किनाऱ्याला पार खेटून आहे. मेस्ता त्याच्या नैऋत्येला, किऑस शहरापासून साधारण 35 किलोमीटरवर. बस मोजक्याच असतात, म्हणून गाडी भाड्याने घेतलेली बरी. गाव किनाऱ्यावर नाही, थोडं आत, खोलगट जागी लपवल्यासारखं वसलंय. कारण चाचे. आणि चाच्यांनी लुटावं असं इथे होतं मॅस्टिक, म्हणजे आपली रुमामस्तकी. मॅस्टिकची झाडं बेटाच्या दक्षिण भागातच खरा डिंक देतात. 1346 मध्ये इटलीतल्या जिनोआच्या व्यापाऱ्यांनी बेट घेतलं आणि या डिंकाचा व्यापार मुठीत ठेवला. चाचे बाहेर राहावेत आणि मॅस्टिक परस्पर बाहेर जाऊ नये, अशी दुहेरी सोय म्हणजे ही तटबंदीची गावं.

प्रदक्षिणा घालताना लक्षात येईल की वेगळा तट असा नाहीच. कडेच्या घरांच्या पाठी एकमेकींना जोडून तट झालाय, कोपऱ्यांवर बुरूज. मुळात या बाजूला दारं-खिडक्या नव्हत्या. आज दिसतात त्या मागाहून फोडलेल्या. चौकटीभोवतीचं दगडकाम जवळून बघा, मूळचं कुठलं आणि नंतरचं कुठलं ते कळतं.

मग आत शिरा, आणि वर बघत चाला. गल्ल्यांवर दगडी कमानी आहेत, काही ठिकाणी कमानीवर चक्क खोली. समोरासमोरची घरं एकमेकांना रेटून धरतात; भूकंपाच्या बेटावर हे शहाणपणाचं काम. घरांची धाबी जवळपास एका पातळीत आहेत, कारण हल्ला झाला तर लोकांना धाब्यांवरूनच मधल्या मनोऱ्यापर्यंत पळता यायचं. तो मनोरा आता नाही. त्याच्या जागी एकोणिसाव्या शतकातलं ताक्सियार्खिस चर्च आहे. कॉफी आता, इथल्या चौकात घ्या.

1566 मध्ये बेट ऑटोमन तुर्कांकडे गेलं. 1822 मध्ये ऑटोमन फौजांनी केलेल्या कत्तलीत किऑसवर हजारो माणसं मारली गेली, हजारो गुलाम म्हणून विकली गेली. मॅस्टिकची गावं बरीचशी वाचली, कारण सुलतानाला डिंक हवा होता. 1912 मध्ये बेट ग्रीसकडे आलं.

डिंक निघताना बघायचा तर उन्हाळ्यात या. झाडाखालची जमीन झाडून त्यावर पांढरी चुनखडीची पूड पसरतात, मग खोडाला बारीक चिरा देतात. थेंब खाली पडून वाळले की वेचायचे. निवडण्याचं किचकट काम पुढे महिनोन् महिने चालतं. युनेस्कोने 2014 मध्ये या साऱ्या कसबाची दखल घेतली.

परतताना पिर्गी हे मॅस्टिकचंच दुसरं गाव वाटेवर आहे, तिथे मात्र घाई करू नका. घरांच्या दर्शनी भिंतींवर काळी-पांढरी नक्षी असते आणि ती रंगवलेली नाही. गडद वाळूचा गिलावा करतात, वर पांढरा चुना देतात आणि ओला असतानाच तो जेवायच्या काट्याने खरवडतात. खरवडलं तिथे आतला काळा थर दिसतो. त्रिकोण, चौकटी, अर्धवर्तुळं, पट्ट्यामागून पट्टे. गिलावा सुकायच्या आत सगळं उरकायचं, खाडाखोड नाही! मी एका बाल्कनीच्या खालची बाजू बघत उभा होतो. तिथेही नक्षी केलेली, जिथे मान मोडल्याशिवाय कोणी बघणार नाही. असा गवंडी मला साइटवर हवा होता.

वेळ उरला तर पिर्गीहून एम्बोरिओसला उतरा. तिथला किनारा ज्वालामुखीच्या काळ्या गोट्यांचा आहे. दुपारी ते चांगलेच तापतात, चप्पल पाण्यापर्यंत काढू नका.