चार पाथ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका

वेर्णा किंवा पर्वरीच्या एखाद्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला लागलात की लवकरच कोणीतरी सीनियर सांगेल, "रात्री स्विच बदललाय, जरा पाथ बघून घे." पाथ म्हणजे सर्व्हरपासून स्टोरेजमधल्या डिस्कपर्यंतची वाट. डिप्लोमात हे सहसा शिकवत नाहीत, म्हणून लिहितोय. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.)

सर्व्हरमध्ये फायबर चॅनलचे (स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क) दोन एचबीए पोर्ट, म्हणजे त्या नेटवर्कच्या कार्डाचे पोर्ट, मधे दोन स्विच आणि पलीकडे स्टोरेजचे दोन कंट्रोलर अशी मांडणी असेल, तर एका लनकडे (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) बहुधा चार वाटा जातात. लिनक्सला मात्र त्या चार डिस्क वाटतात. डिस्कची यादी देणारी एलएसबीएलके कमांड दिलीत की एसडीबी ते एसडीई अशा सारख्याच आकाराच्या चार दिसतील. नवखा माणूस त्यातली एक 'रिकामी' समजून तिच्यावर फाइल सिस्टीम घालायला निघतो. डिस्क एकच आहे. हात लावायचा तो चारही वाटा एकत्र करून मल्टिपाथने वर तयार केलेल्या एमपाथए या नावालाच.

तपासायची कमांड म्हणजे मल्टिपाथ, पुढे डॅश आणि दोनदा एल. एकच एल दिला तरी यादी येते, पण पाथ चेकरला (प्रत्येक वाट चालू आहे का ते तपासणारा भाग) विचारून खात्री केलेली स्थिती हवी असेल तर दोन एल. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ॲक्टिव्ह रेडी रनिंग' दिसलं की ती वाट चालू. 'फेल्ड फॉल्टी' दिसलं की गेली.

बहुतेक जण चार ओळी मोजतात आणि चहाला जातात. माझ्या मते खरी तपासणी तिथून पुढे सुरू होते. ओळीत ३:०:१:५ असे चार आकडे असतात: होस्ट, चॅनल, टार्गेट, लन. पहिला आकडा, म्हणजे सर्व्हरचा पोर्ट, बघा. चारही ओळी ३ नेच सुरू होत असतील, तर सगळी रहदारी एकाच पोर्टातून चालली आहे. झोनिंग (कोणता पोर्ट कोणाशी बोलू शकतो हे स्विचवर ठरवणं) करताना दुसरा पोर्ट राहून गेला की असं होतं आणि ते महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी सिस, क्लास, एफसी-होस्ट या फोल्डरमधली पोर्ट-स्टेट फाइल वाचा. तिथे 'ऑनलाइन' असेल तर दोष बहुधा केबलचा नसून झोनिंगचा किंवा मास्किंगचा (कोणता लन कोणत्या सर्व्हरला दिसेल ही स्टोरेजवरची नोंद).

दोन वाटांपुढे 'प्रायो ५०' (प्रायो म्हणजे प्राधान्य) आणि दोनांपुढे '१०' दिसलं तर घाबरून तक्रारीचं तिकीट काढू नका. आलुआ (कोणत्या वाटा पसंतीच्या हे स्टोरेजने सांगण्याची पद्धत) असलेल्या स्टोरेजवर लन ज्या कंट्रोलरकडे, त्याच्या वाटा ५० च्या, दुसऱ्याच्या १० च्या. १० च्या वाटा पणजी-बेती फेरीबोटीसारख्या समजा: पुलापेक्षा हळू, पण १९८६ साली मांडवीचा पूल कोसळला तेव्हा तिनेच लोकांना पलीकडे नेलं.

सगळ्याच वाटा गेल्या तर? यादीत 'क्यू इफ नो पाथ' असेल तर एरर येतच नाही. लिहिणं-वाचणं रांगेत अडकून राहतं, डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांडसुद्धा अडकते आणि सर्व्हर हँग झाला असं वाटून लोक रीबूटकडे धावतात. आधी पाथ बघा.

एआयएक्सवर (आयबीएमची युनिक्स) पाथ दाखवण्याचं हेच काम एलएसपाथ करतं. तिथे शब्द 'एनेबल्ड', 'फेल्ड' आणि 'मिसिंग' असे. एक आलं की दुसरं तासाभरात येतं.

घरी सरावाला सॅन (असं स्टोरेजचं नेटवर्क) कुठून आणणार? जुन्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन पुरतात. एकावर टार्गेटसीएलआय या टूलने आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून मिळणारी) डिस्क द्या, दोघांनाही वेगवेगळ्या नेटवर्कची दोन-दोन कार्डं जोडा आणि दुसऱ्यावरून दोन्ही आयपींवर लॉगिन करा: दोन पाथ तयार. मग एक कार्ड बंद करून यादी बघत बसा. 'फेल्ड' यायला वेळ लागला तर आयस्कझीच्या कॉन्फिगरेशन फाइलमधली रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेली वाट परत येण्याची किती वेळ वाट बघायची) तपासा. मूळ मुदत १२० सेकंदांची असते. ती १५ करा, टार्गेट पुन्हा डिस्कव्हर करा (नाहीतर जुन्या नोंदीत १२० च राहतात), सेशन नव्याने लॉगिन करा आणि पुन्हा कार्ड बंद करून बघा.