घटना आधीची की नंतरची? ‘चूक की बरोबर’ प्रश्नांतून वाचन शिकवताना या चुका टाळा

विदर्भातील खेड्यापाड्यांच्या जिल्हा परिषद शाळांत, विशेषतः जिथे एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात, तिथे ‘चूक की बरोबर’ हा प्रश्नप्रकार फार सोयीचा ठरतो. फळ्यावर पाच विधाने लिहून दिली की एक इयत्ता कामाला लागते आणि शिक्षकाला दुसरीकडे वळता येते. उताऱ्यात साल, तारखा आणि घटनांचा क्रम असेल तर अशी विधाने तयार करायला वेळही लागत नाही. मात्र घाईत तयार केलेल्या विधानांमुळे वहीत बरोबरच्या खुणा भरतात आणि उतारा न समजलेलाच राहतो. हे टाळता येण्यासारखे आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे उताऱ्यातील वाक्य जसेच्या तसे उचलून त्यातील साल तेवढे बदलणे. ‘गाडगे महाराजांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी शेंडगाव येथे झाला’ या वाक्यावर ‘गाडगे महाराजांचा जन्म 1878 मध्ये झाला’ असे विधान दिले, तर मूल फक्त आकडा शोधते, दोन्ही आकडे शेजारी ठेवते आणि खूण करून मोकळे होते. ज्याला वाक्याचा अर्थ लागत नाही, त्यालाही हे जमते. त्याच उताऱ्यात 20 डिसेंबर 1956 ही त्यांच्या निधनाची तारीख असेल, तर ‘गाडगे महाराजांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली होती’ हे विधान द्यावे. ते पडताळण्यासाठी दोन वाक्ये शोधून त्यांचा मेळ घालावा लागतो. ‘त्यांचा जन्म अठराव्या शतकात झाला’ हे विधानही उपयोगी पडते, कारण 1876 हे साल एकोणिसाव्या शतकातील आहे हे पुष्कळ मुलांच्या लक्षात येत नाही आणि आकड्यातील ‘अठरा’ पाहून ती फसतात.

दुसरी चूक उतारा निवडतानाच होते. पहिल्या वाक्यात पहिली घटना, दुसऱ्यात दुसरी, अशा सरळ क्रमाचेच उतारे आपण देत राहिलो, तर वाक्यांचा क्रम हाच घटनांचा क्रम असतो अशी मुलांची समजूत होते. पुढे वर्तमानपत्रातील बातमी किंवा एखादे चरित्र वाचताना हीच समजूत त्यांना आडवी येते, कारण तेथे लेखक मागेपुढे जात असतो. म्हणून फळ्यावर असा छोटा उतारा लिहावा:

‘1940 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावचे नाव सेवाग्राम झाले. गांधीजी तेथे त्याच्या चार वर्षे आधीच राहायला आले होते. ते आले त्याच्या पुढच्याच वर्षी वर्ध्यात नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या पद्धतीची, परिषद भरली.’

आता चार विधाने द्यावीत. ‘गांधीजी 1936 मध्ये सेगावला आले.’ ‘परिषद भरली तेव्हा गावाचे नाव सेवाग्राम झालेले होते.’ ‘गांधीजी सेगावला येण्यापूर्वी ही परिषद झाली.’ ‘ही परिषद ऑक्टोबर महिन्यात भरली.’ पहिले विधान बरोबर आहे, पण 1936 हा आकडा उताऱ्यात कुठेच नाही. तो 1940 मधून चार वजा करून काढावा लागतो. दुसरे विधान पुष्कळ मुले बरोबर ठरवतात, कारण नामांतराचे वाक्य आधी आणि परिषदेचे वाक्य शेवटी आले आहे. येथे शिक्षकाने लगेच ‘चूक’ असे सांगून पुढे जाऊ नये. जमिनीवर खडूने एक लांब रेघ ओढावी, तिच्यावर 1936, 1937 आणि 1940 अशा खुणा कराव्यात आणि प्रत्येक वाक्याची चिठ्ठी मुलांनाच योग्य खुणेवर ठेवायला लावावी. परिषदेची चिठ्ठी नामांतराच्या डावीकडे ठेवावी लागते, हे स्वतःच्या हाताने करून पाहिलेले मूल ‘आले होते’ आणि ‘त्याच्या आधी’ या शब्दांकडे पुढच्या वेळी नीट पाहते. मूळ अडचण सनावळीची नसून या लहान शब्दांची असते, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यांच्यावर वर्गात जितका वेळ दिला जातो तो फारच अपुरा आहे.

चौथे विधान मुद्दाम दिले आहे. ती परिषद खरोखरच ऑक्टोबर 1937 मध्ये भरली होती, पण या उताऱ्यात महिना सांगितलेला नाही. बाहेरची माहिती आणि उताऱ्यातून मिळणारी माहिती यांत गल्लत होऊ देणे ही आणखी एक चूक आहे. आपल्या परिसरातील विषयांवर ती हमखास होते. चिमूर तालुक्यातील मुलाला ‘चले जाव’ आंदोलनातील चिमूरच्या उठावाची 16 ऑगस्ट 1942 ही तारीख उतारा न वाचताही पाठ असते, मग त्याने केलेली बरोबरची खूण वाचनाबद्दल काहीच सांगत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे ‘चूक’ आणि ‘बरोबर’ यांच्या जोडीला ‘उताऱ्यावरून सांगता येत नाही’ हा तिसरा पर्याय ठेवणे.

या तिसऱ्या पर्यायाने अंदाजपंचे उत्तरांनाही आळा बसतो. दोनच पर्याय असतील तर डोळे मिटून खुणा करणाऱ्या मुलालाही दहापैकी सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे 17 टक्के असते. तीन पर्याय ठेवले की ती सुमारे 2 टक्क्यांवर येते. पाच विधानांच्या चाचणीवरून एखाद्या मुलाला ‘वाचता येते’ किंवा ‘येत नाही’ असे ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

विधानाच्या रचनेतही काही दोष राहून जातात. एका विधानात दोन गोष्टी कोंबू नयेत. ‘तुकडोजी महाराजांचा जन्म 1909 मध्ये मोझरी येथे झाला’ या विधानात साल बरोबर आहे आणि गाव चुकीचे आहे, कारण त्यांचा जन्म यावलीचा. मुलाने ‘चूक’ लिहिले तर त्याला नेमके काय कळले ते समजत नाही. नकारार्थी विधाने तर शक्यतो टाळावीत. ‘1960 पूर्वी विदर्भ महाराष्ट्र राज्यात नव्हता’ हे विधान बरोबर आहे, पण ‘नव्हता’ला ‘बरोबर’ म्हणताना मुले गोंधळतात. त्याऐवजी ‘1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र राज्य त्यानंतर स्थापन झाले’ असा मजकूर उताऱ्यात द्यावा आणि ‘महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याआधी विदर्भ मुंबई राज्यात होता’ असे होकारार्थी विधान विचारावे.

‘पूर्वी’, ‘पर्यंत’, ‘पासून’ आणि ‘च्या आत’ या शब्दांसाठी पुस्तकाबाहेरचा मजकूर अधिक कामाचा आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावरील सूचना वहीत उतरवून आणायला सांगावी. ‘अर्ज 31 जुलैपर्यंत स्वीकारले जातील’ अशी सूचना असेल, तर ‘31 जुलैला दिलेला अर्ज स्वीकारला जाईल’ हे विधान बरोबर आहे. ‘31 जुलैपूर्वी’ असे लिहिले असते तर ते चूक ठरले असते. हा फरक शेतकऱ्याच्या घरातील मुलाला समजावून सांगावा लागत नाही, तो दाखवून द्यावा लागतो.

तिथींबाबतही असेच आहे. पोळा श्रावण अमावस्येला असतो आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, एवढ्या दोन गोष्टी उताऱ्यात असतील तर ‘तान्हा पोळा श्रावण महिन्यात येतो’ हे विधान चौथी-पाचवीच्या मुलांना चांगला विचार करायला लावते, कारण अमावस्येनंतर भाद्रपद सुरू होतो. मात्र ‘पोळा ऑगस्टमध्ये येतो’ असे विधान देऊ नये. तो काही वर्षी सप्टेंबरात येतो आणि मग शिक्षकालाच उत्तर निश्चित सांगता येत नाही.

गुण देताना खुणेला निम्मा गुण आणि आधाराला निम्मा गुण द्यावा. ज्या वाक्यावरून उत्तर काढले ते उताऱ्यात अधोरेखित करायला लावावे आणि विधान चूक असेल तर ते दुरुस्त करून पुन्हा लिहायला लावावे. विधान ‘सांगता येत नाही’ या प्रकारचे असेल, तर ते ठरवण्यासाठी कोणती माहिती लागली असती ते एका ओळीत लिहून घ्यावे. यात वेळ जातो, म्हणून एका तासाला दहा विधानांऐवजी चारच विधाने घ्यावीत.