द्राक्षमळ्याचा दाखला: अर्थ लावताना या चुका टाळा

येशूने सांगितलेला हा दाखला, म्हणजे बोधकथा, बायबलमधील मत्तय 21, मार्क 12 आणि लूक 20 मध्ये येतो. मालक द्राक्षमळा लावतो, कुंपण घालतो, बुरूज बांधतो, माळ्यांना तो खंडाने देतो आणि परदेशी जातो. हंगामात आपला वाटा आणायला तो दास पाठवतो. माळी त्यांना मारतात, शेवटी मालकाच्या मुलालाही ठार करतात. मग मालक त्या माळ्यांचा नाश करतो. इथे मालक म्हणजे देव आणि मुलगा म्हणजे येशू.

‘माळी म्हणजे सगळे यहुदी’ ही सर्वांत घातक चूक. या वाचनाने शतकानुशतके यहुद्यांच्या द्वेषाला खतपाणी घातले. बायबलच्या जुन्या करारात यशया संदेष्ट्याचे द्राक्षमळ्याचे गीत आहे. त्यात यशया 5:7 सांगतो की द्राक्षमळा म्हणजे इस्राएलाचे घराणे, म्हणजे यहुदी लोक. मग इस्राएल एकाच वेळी मळाही आणि माळीही कसा असेल? माळी म्हणजे मळा सांभाळायला दिलेले पुढारी. हे बोलणे आपल्याविषयीच आहे, हे मुख्य याजक आणि परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी धर्मगट) यांनी ओळखले, असे मत्तय 21:45 सांगतो. त्यांना ज्या लोकसमुदायाची भीती वाटली, तोही यहुदीच होता. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर ठेवता येत नाही, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्पष्ट केले.

आपल्याकडची एक वेगळी अडचण आहे. ‘कसेल त्याची जमीन’ आणि 1948 चा कुळकायदा माहीत असलेल्या वाचकाचे मन साहजिकच कुळाकडे झुकते. ती सहानुभूती मला मोलाची वाटते. पण इथले माळी पोटासाठी झगडत नाहीत. ‘हा वारस आहे, याला मारू म्हणजे वतन आपले होईल,’ असा त्यांचा बेत आहे.

मत्तय 21 मध्ये दाखला 33 व्या ओवीत सुरू होतो; वाचन तिथूनच सुरू केले तर दाखल्याचे कारणच हरवते. मत्तय 21:23 पासून वाचा. मंदिरात मुख्य याजक आणि लोकांचे वडील येशूला विचारतात, ‘तुम्ही कोणत्या अधिकाराने हे करता?’ वाद अधिकाराचाच आहे.

माळ्यांच्या शिक्षेवर बोट ठेवून ‘देव किती कठोर’ म्हणण्याचीही घाई होते. दास पुन्हा पुन्हा पाठवले गेले, हे तेव्हा नजरेतून सुटते. मत्तयात तर त्या माळ्यांचा निवाडा ऐकणारेच सुनावतात. लूकमध्ये ऐकणारे कळवळून म्हणतात, ‘असे न होवो!’ यशयाच्या गीतात मळ्याचे कुंपणच काढले जाते आणि तो उजाड होतो. येशूच्या दाखल्यात मात्र मळा तोडला जात नाही. तो दुसऱ्या माळ्यांच्या हाती दिला जातो.