ऑटोकॅडमध्ये कॉपी-पेस्ट अडकतंय? आधी फाइल तपासा

32 जीबी रॅम, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, तरी ऑटोकॅड या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये साधा ब्लॉक (एकत्र बांधलेल्या आकृत्यांचा गट) कॉपी केला की कर्सर फिरतच राहायचा. ड्रायव्हर बदलला, हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केलं; दोन दिवस वाया गेले. कोऱ्या फाइलीत मात्र सगळं सुरळीत, म्हणजे दोष ड्रॉइंगमध्येच. डीजीएनमधून (मायक्रोस्टेशन या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइलींतून) आलेल्या लाइनस्टाइल, म्हणजे रेषांचे प्रकार, आणि रेगॅपच्या (फाइलीत नोंदलेल्या ॲप्लिकेशनच्या नावांच्या) नोंदी पडद्यावर दिसत नाहीत, पण कॉपी-पेस्टबरोबर फाइलीतून फाइलीत पसरतात.

आधी प्रत ठेवा. मग कमांड लाइनवर '-पर्ज' (-PURGE, नको असलेल्या नोंदी काढणारी कमांड; पुढची आडवी रेघ हवीच, नाहीतर डायलॉग उघडतो), रेगॅपसाठी 'आर' (R), नावाला '*' (म्हणजे सगळी), प्रत्येक नावाच्या खात्रीच्या प्रश्नाला 'एन' (N, नाही). पुन्हा '-पर्ज', डीजीएन लाइनस्टाइलच्या बेवारस नोंदींसाठी 'ओ' (O). नंतर ऑडिट (AUDIT, फाइलीतल्या चुका शोधणारी कमांड), चुका दुरुस्त करायच्या का या प्रश्नाला 'वाय' (Y, हो). सेव्ह करून फाइल बंद करा, परत उघडा. एक्सरेफ, म्हणजे या ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंग फाइलींवरही हेच करा.