बल्क ड्रग प्लांटमध्ये पर्यावरणाचं काम करायचंय? मग सॉल्व्हंट शिका

एमएस्सी ऑरगॅनिक किंवा केमिकल इंजिनिअरिंग करून बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधांचे मूळ घटक बनवणाऱ्या, या क्षेत्रात येणारी मुलं मला हमखास विचारतात : प्रदूषण कमी करण्याचं काम करायचंय, तर ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) विभाग मागून घेऊ का? माझं म्हणणं, आधी प्रोसेस डेव्हलपमेंट किंवा प्रॉडक्शनमध्ये जा. सांडपाणी ईटीपीला (प्रक्रिया केंद्राला) पोचतं तोवर त्यात काय असणार, हे ठरून गेलेलं असतं.

रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये ई-फॅक्टर मांडला, म्हणजे किलोभर मालामागे किती किलो कचरा. बल्क केमिकलमध्ये तो साधारण ५ च्या आत असतो, औषधांत २५ पासून १०० च्याही वर जातो. यात सर्वांत मोठा वाटा सॉल्व्हंटचा, म्हणजे रसायनं विरघळवायला वापरलेल्या द्रवांचा. म्हणून बॅच शीट घेऊन मास बॅलन्स, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या वजनाचा हिशेब, मांडायला शिका. टोल्युइन किती चार्ज केलं, रिकव्हरीला किती आलं, मदर लिकरमध्ये (माल गाळून उरलेल्या द्रवात) किती राहिलं, ड्रायरच्या व्हेंटमधून किती गेलं. एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड हे सॉल्व्हंट) ४० अंशांना उकळतं. कंडेन्सरला ब्राइन (वाफ निववणारं खारं पाणी) पुरेसं थंड नसेल तर ते सरळ हवेत जातं आणि शीटवर नुसतं ‘लॉस’ म्हणून नोंदलं जातं. तो लॉस तिथे उभा असलेला ऑपरेटर श्वासातून घेतो, हे कायम लक्षात असू द्या.

रिकव्हरीच्या शिफ्टला जरूर उभे राहा. मेथॅनॉल आणि टोल्युइन एका टाकीत गेले की अ‍ॅझिओट्रोप (एकत्रच उकळणारं मिश्रण) होतो, साध्या डिस्टिलेशननं ते सुटे होत नाहीत. मग पुन्हा वापरता आलं असतं ते सॉल्व्हंट सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवावं लागतं. टाक्या वेगळ्या ठेवणं ही शिस्त कुठल्याही महागड्या यंत्राआधीची.

खरी संधी मात्र लॅबमध्ये असते. फायझरनं सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाच्या तीन पायऱ्या इथेनॉलमध्ये एकत्र केल्या आणि एमडीसी, टीएचएफ, टोल्युइन, हेक्झेन हे चारही सॉल्व्हंट काढून टाकले. त्यासाठी त्यांना २००२ चा अमेरिकी ग्रीन केमिस्ट्री पुरस्कार मिळाला. एकदा प्रोसेस औषध नियामकाकडे फाइल झाली की असा बदल अवघड होतो : नवी व्हॅलिडेशन, स्टॅबिलिटी, ग्राहकाची मंजुरी. स्केल-अपच्या (लॅबमधून मोठ्या उत्पादनाकडे जाण्याच्या) आधीच हट्ट धरा.

अँटिबायोटिकच्या प्लांटमध्ये असाल तर नुसत्या सीओडीवर (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय भाराच्या मापावर) समाधान मानू नका. हैदराबादजवळ पाटनचेरूला सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं प्रमाण नसतं. अशा पाण्यात औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढतात. अँटिबायोटिकच्या सांडपाण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये आली आहेत, ती वाचाच. मदर लिकर वेगळं काढून ईटीपीआधीच निष्क्रिय करतात का, हे विचारा.

मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा : तुमच्या मुख्य प्रॉडक्टची सॉल्व्हंट रिकव्हरी किती टक्के? समोरच्यानं फाइल न उघडता आकडा सांगितला, तर तिथे शिकायला मिळेल.